दोरी ओढणारी

या, पुढे सरका. सतरंजी मध्ये मोकळी आणि माणसं कडेला, हे कीर्तनात शोभत नाही आणि गोष्टीतही शोभत नाही. बुवांना यायला अवकाश आहे, तबलजी अजून हातोडीनं तबला ठोकतो आहे. तेवढ्या वेळात एक हकिकत सांगून घेते. आमच्या रायपुरातली आहे, माझ्या भिंतीला भिंत लागून असलेल्या घरातली. ऐकताना अंगावर काटा आला तर येऊ द्यावा, मनात रामनाम चालू ठेवावं. मीही तेच केलं होतं.

तेलीबांध्याच्या तलावामागे आमची इमारत. माझे यजमान रेल्वेत होते, नागपूरहून बदलीवर आले आणि इथलेच झाले. ते गेल्यापासून मला दोन आधार, एक कीर्तन आणि दुसरा शेजार. शेजारी विराज, त्याची बायको इरावती आणि त्याची आई वनमालाबाई. विराज सिलतऱ्याला लोखंडाच्या कारखान्यात, इरावती नवा रायपूरला एका सरकारी कचेरीत. रोज सकाळी बसनं जायची, संध्याकाळी चेहरा पाटीसारखा कोरा करून यायची.

"मावशी, तिकडचे रस्ते एवढे रुंद आहेत ना, पलीकडच्या माणसाले हाक मारली तर अर्ध्यातच विरून जाते," म्हणायची. "दिवसभर मी कोणाशी बोलली, मलेच आठवत नाही."

गळा मात्र असा की चहाला साखर हवी का विचारलं तरी ऐकत राहावं. म्हणून मी तिला पुरानी बस्तीतल्या आमच्या विठ्ठलाच्या देवळात कीर्तनाला न्यायला लागले. कीर्तनाला नरहरीबुवा यायचे, वर्ध्याकडचे. ऐंशीच्या घरातले, पण उभे राहिले की काठी बाजूला ठेवणारे.

त्या वर्षी रामनवमीला भर दुपारी जन्म झाला, गुलाल उधळला, बायका पाळण्याची दोरी हातोहात ओढायला लागल्या. पाळणा म्हणणाऱ्या सरोजिनीबाईंचा घसा बसलेला. बुवांनी इरावतीकडे बोट केलं. ती उठली, पाळण्यापाशी उभी राहून गायला लागली. आपली सगळ्यांची पाठ असलेली कडवी संपली, आम्ही टाळ खाली ठेवले, तरी ती थांबेना. एक कडवं आणखी आलं.

दारी कडुलिंब, सावली दाट,
कोणी गं पाहते बाळाची वाट,
हलके ओढा दोरी.

चाल तीच, पण आतून गार. उन्हातून एकदम विहिरीत उतरावं तशी. बायकांचे हात दोरीवरच राहिले.

आरती झाल्यावर बुवांनी तिला बोलावलं. "हे कडवं कुठलं गं?"

"तुम्हीच तर सांगून राहिले होते, मागून. मी फक्त म्हटलं."

"मी तुझ्या समोर उभा होतो, बाई," बुवा म्हणाले. "तुझ्या मागे भिंत आहे."

इरावतीनं वळून भिंतीकडे पाहिलं. घाबरली नाही ती. उलट कोणी आपलं भेटल्यासारखा तिचा चेहरा झाला. बुवांच्या चेहऱ्यावर मात्र ते सुख नव्हतं. "कीर्तनात मागे उभं राहून सूर धरणारा असतो," ते म्हणाले, "पण तो दिसतो. तुझ्या मागे कोण आहे ते एकदा विचारून घे." तिनं मान हलवली. विचारलं नाही.

महिन्याभरात तिनं नोकरीचा राजीनामा दिला.

त्या संध्याकाळी मी त्यांच्याकडेच भाजी निवडत बसले होते. विराज बूट न काढता सोफ्यावर बसला. "म्हणजे पक्की नोकरी सोडून तू पाळणे गाणार? धंदा म्हणून?"

"हव."

"अन् हे तुले कोणी सांगितलं?"

"आतून सांगितलं गेलं."

"कचेरीतल्या साहेबानं तर नाही ना सांगितलं? तो तर केव्हाचा वाट पाहून राहिला असेन."

ती हसली, मग तोही हसला, पण बूट काढायला त्याला फार वेळ लागला. वनमालाबाई आतूनच ओरडल्या, "करू दे रे तिले! देवानं गळा दिला तो काय फायलीत ठेवायले दिला?"

दुसऱ्या दिवशी देवळात इरावतीनं विठ्ठलापुढे हात जोडून शब्द दिला. मी शेजारीच होते. "जे येईन ते गाईन. पदरचं अक्षर घालणार नाही. अन् कोण, कसं, काहून, ते विचारणार नाही." मला तेव्हा ते फार गोड वाटलं. पूर्ण शरण जाणं म्हणतात ते हेच, असं वाटलं.

धंद्याचं नाव तिनं ठेवलं 'दोरी'. कोशाच्या, म्हणजे इकडच्या टसर रेशमाच्या, कापडाची लांब पट्टी घ्यायची, त्यावर बाळाचा पाळणा कुंचल्यानं लिहायचा, कडेनं वेल काढायची, ती पट्टी पाळण्याच्या दोरीला बांधायला द्यायची आणि सोबत आपल्या आवाजात गाऊन फोनवर पाठवायचं. आपल्याकडे दिवसादिवसाचा पाळणा असतो ना, पहिल्या दिवशी असं झालं, दुसऱ्या दिवशी तसं झालं, करत करत बाराव्या दिवशी नाव, तसाच. ती घरच्यांना फक्त आईचं नाव आणि गाव विचारायची. बाळाचं नाव कधीच नाही, कारण बारशाला आत्या कानात सांगेपर्यंत ते कोणाला सांगायचं नसतं. नाव शेवटच्या कडव्यात आपोआप यायचं.

आणि बरोबर यायचं.

चौबे कॉलनीतल्या एका बापाचा फोन आला तेव्हा तो अक्षरशः चाचरत होता. "दीदी, ये नाम तो हमने गाडी में बैठके तय किया था. गाडी में हम दोनोंच थे." एका घरी नाव ठरलं होतं वेगळं, पाळण्यात आलं दुसरं. तिथल्या आजीनं सांगितलं, पाळण्यातलंच ठेवा. लोक म्हणायचे देवाची कृपा. मीही म्हणायची.

तिची रीत मला भिंतीतून कळायची. पहाटे आंघोळ, देवापुढे दिवा, मग बुवांनी दिलेली तंबोऱ्याची डबी चालू करायची. विजेवर चालते, नुसता सूर धरून ठेवते, तशी. तो सूर भिंतीतून माझ्या देवघरात यायचा. थोड्या वेळानं कडवं ऐकू यायचं, बारीक, लांबून आल्यासारखं. त्यानंतर तेच कडवं इरावतीच्या मोकळ्या आवाजात. मी समजायची, आधी गुणगुणून पाहते आणि मग गाते. एकदा सहज म्हणून गेले, "गुणगुणतेस ते फार हळू असतं गं."

"मी गुणगुणत नाही, मावशी," ती म्हणाली.

त्या दिवसानंतर मी पहाटे देवघराचं दार लावून जप करायला लागले. दार लावलं तरी ऐकू यायचंच.

दुसऱ्या वर्षी मीनलचा पाळणा आला. मीनल आणि तिचा नवरा अभिनव सिलतऱ्याकडे राहणारे, ओळख सगळी फोनवरची. मीनलनं स्वतःच फोन करून, हसत हसत, मोठ्ठी वेल काढा म्हणून सांगितलं होतं. बाळ झालं, मुलगा. इरावती पहाटे बसली. पाचव्या दिवसापर्यंतची कडवी आली आणि पुढे काहीच नाही. दुसऱ्या पहाटेही तेवढंच. तिसऱ्याही. डबीचा सूर नुसता वाजत राहिला. ना पुढची कडवी, ना नाव.

इरावतीनं अभिनवला निरोप पाठवला की घसा धरला आहे, काम होणार नाही. पैसे परत केले. पुढे तिकडून ना फोन आला ना बारशाचे फोटो.

"ते बाळ गेलं असेन, मावशी," ती मला म्हणाली. ओठ पांढरे पडले होते.

"विचारलंस का?"

"विचारायचं नाही, असा शब्द आहे माझा."

देवाला दिलेला शब्द म्हटल्यावर मध्ये कोण बोलणार?

आता रूपालीचं ऐका. रूपाली म्हणजे विराजची धाकटी बहीण, इरावतीची नणंद. लग्नाला किती वर्षं झाली, घरात पाळणा हलत नव्हता. दवाखाने झाले, उपास झाले. अखेर दिवस राहिले आणि मार्गशीर्षात ती माहेरी, म्हणजे माझ्या शेजारी, बाळंत झाली. मुलगी. नाकीडोळी इतकी नीटस की मी रोज मीठमोहऱ्या ओवाळायची.

"वहिनी," रूपाली दवाखान्यातून आल्या आल्या म्हणाली, "सगळ्या दुनियेचे पाळणे करते, आता माझ्या पोट्टीचा फर्स्ट क्लास झाला पाहिजे. नाही तर नणंद काय असते दाखवून देईन."

"दाखव ना. आतापर्यंत काय लपवून ठेवलं होतं?" इरावती म्हणाली. घर नुसतं हसत होतं.

पाळणा यायला लागला. पहिल्या दिवशी उन्हाचं कडवं, दुसऱ्या दिवशी चिमणीचं. आणि मग एका पहाटे भिंतीतून मला आठव्या दिवसाचं ऐकू आलं.

आठव्या दिवशी भरली सांज,
पाळणा उभा, रडं ये आज,
कोणी गं ओढा दोरी.

मी जपमाळ धरून थांबले. पुढचं येईना. इरावतीचा आवाजही आला नाही. बऱ्याच वेळानं माझं दार वाजलं. ती दारात, ओले केस तसेच.

"थांबला, मावशी. मीनलच्या बाळासारखाच."

रूपाली बाळंत होऊन तेव्हा सहा दिवस झाले होते.

असं घरात लपत नाही. वनमालाबाईंनी तिच्या तोंडाकडे पाहूनच काढून घेतलं. मग विराजला कळलं. रूपालीला तेवढं कोणी सांगितलं नाही. त्या घरानं त्या दिवशी बाळाला जमिनीवर टेकू दिलं नाही. लहान मुलांचे डॉक्टर घरी आले, डोळे पाहिले, छाती ऐकली, म्हणाले, मुलगी ठणठणीत आहे. तरी वनमालाबाई दर थोड्या वेळानं तिच्या नाकाखाली बोट धरायच्या. विराज कामावर गेलाच नाही, पाळण्याचे हूक ओढून ओढून पाहत राहिला. मी बाळाच्या उशाला अंगारा ठेवला. इरावती तर तिच्यावरची नजर काढत नव्हती.

"काय चाललं आहे तुमचं?" रूपाली खाटेवरून म्हणाली. शालीत गुरफटून बसली होती. "माझी पोट्टी आहे का प्रदर्शन आहे? द्या इकडे. नाही, राहू दे, निजली तर निजू दे. मले थंडी वाजून राहिली."

"मार्गशीर्ष आहे, वाजणारच," वनमालाबाई म्हणाल्या, तिच्या अंगावर आणखी एक रजई टाकली आणि परत पाळण्याकडे वळल्या. मीही वळले. आम्ही सगळे तिकडेच पाहत होतो.

संध्याकाळी मी इरावतीला ओढून देवळात नेलं. बुवांचा सप्ताह चालू होता. पूर्वरंग संपला, बुक्का लावणं सुरू झालं, बुवा खांबाला टेकून गरम पाणी पीत होते. तिनं त्यांच्या पायाशी बसून सगळं सांगितलं, शब्द दिल्याचंही.

बुवा म्हणाले, "पदरचं घालणार नाही म्हणालीस, ते चांगलं. विचारणार नाही, हे देवानं तुझ्याकडे मागितलं होतं का?"

"नाही."

"मग ते कोणाच्या सोयीचं होतं?"

बुवांनी पाण्याचं भांडं खाली ठेवलं.

"अगं, आम्ही पूर्वरंगात प्रश्न मांडतो तेव्हा उत्तररंगात कथा उभी राहते. न विचारता नुसता गात सुटलो तर ही मंडळी चपला घालून घरी जातील. देवाला प्रश्न चालतो. अर्जुनानं किती विचारले! उत्तर ऐकायची भीती वाटते म्हणून आपण गप्प बसतो, आणि त्या गप्प बसण्याला भक्ती म्हणतो."

"पण बुवा, शब्द मोडला अन् ते येणंच बंद झालं तर? नोकरी सोडली मी. माझ्याजवळ दुसरं काही नाही."

"तर बंद होईल," बुवा म्हणाले आणि हार घालून घ्यायला उभे राहिले.

दुसऱ्या पहाटे मी तिच्या शेजारी जाऊन बसले. मला जायचं नव्हतं, खरं सांगते. पण एकटी कशी सोडायची? आतल्या खोलीत रूपाली आणि बाळ झोपलेले, स्वयंपाकघरात वनमालाबाई डिंकाच्या लाडवांसाठी खोबरं भाजत होत्या. विराज नुकताच कामावर गेला होता. दिवा लावला, डबी चालू केली. सूर भरून आला. इरावतीनं हात जोडले आणि भरल्या आवाजात विचारलं, "पुढचं काहून गात नाही तू? सांग मले. पाया पडते."

सूर तसाच राहिला, पण खोलीतली हवा बदलली. अंगणात पाणी मारल्यावर येतो तसा गारवा जमिनीवरून माझ्या पावलांना लागला. आणि मग सुराच्या आत आवाज आला. बाईचा. या खेपेला मध्ये भिंत नव्हती, तो माझ्या उजव्या कानामागे होता. मी वळले नाही. माझ्यानं वळवेना.

तेच आठव्या दिवसाचं कडवं. संपलं की परत तेच. परत तेच, आधीपेक्षा जलद, दम लागलेल्या बाईनं धावत येऊन सांगावं तसं. पाळणा उभा, रडं ये आज. पाळणा उभा, रडं ये आज.

इरावतीनं माझा हात धरला. "मावशी, याच्यात बाळ रडून राहिलं आहे."

"हो गं."

"रडते म्हणजे जिवंत आहे ना ते." तिची नखं माझ्या मनगटात रुतली. "मीनलच्या पाळण्यातही रडत होतं."

तिनं फोन उचलला. अजून नीट उजाडलंही नव्हतं. तिनं पलीकडचा आवाज मलाही ऐकू येईल असा ठेवला. मीनलमुळे अभिनवला मराठी कळायचं, उत्तर मात्र हिंदीतच द्यायचा.

"भैया, मी 'दोरी'वाली इरावती. तुमचं बाळ..."

"बाबू? ठीक है दीदी. सवा साल का हो गया. अभी उठेगा, फिर देखो दौड़ना उसका." त्यानं आवाज खाली आणला, पोर जवळच झोपलेलं असावं. "मीनल नहीं रही न, दीदी. डिलिवरी के बाद पाँचवें दिन. बुखार था, हम लोग समझे थकान है. सब बच्चे में लगे थे. मुझे लगा आपको पता होगा, इसलिए आपने काम छोड़ा."

डबीचा सूर चालूच होता. आवाज मात्र थांबला होता.

आतून बाळाचं रडणं ऐकू आलं. ते केव्हापासून चाललं होतं कोण जाणे. आम्ही त्या गाण्यातलंच समजत होतो.

इरावती धावली, मी तिच्या मागे. पाळणा उभा होता, पोरगी लालबुंद होऊन रडत होती आणि हाताच्या अंतरावर रूपाली रजयांच्या ढिगाखाली कुडकुडत होती. डोळे उघडे, पण ओळख नाही. इरावतीनं कपाळाला हात लावला आणि चटका बसल्यासारखा काढला.

"आई! रूपाली तापानं फणफणली आहे!"

वनमालाबाई झारा घेऊनच आल्या. "काल म्हणे दूध दाटलं, म्हणून अंग कसकसते. मीच म्हटलं, होते तसं, उतरून जाईन. मीच म्हटलं गं."

विराजला रस्त्यातून परत बोलावलं. त्यानं तिला उचलून गाडीत घातलं. इरावती आणि वनमालाबाई बरोबर गेल्या. दवाखान्यात सांगितलं, बाळंतपणाचा ताप, विष रक्तात चढायला लागलं होतं. आणखी एक दिवस अंगावर काढला असता तर त्यांच्याही हातात फार काही राहिलं नसतं.

घरात मी आणि ते बाळ. मी दोरी ओढत राहिले, तोंडानं रामनाम. पोरगी भुकेनं परत रडायला लागली तशी दोरी सोडून स्वयंपाकघरात गेले. डॉक्टरांनी फोनवर सांगितलं होतं, त्याप्रमाणे डब्यातलं दूध पाण्यात कालवायला घेतलं. कालवता कालवता लक्षात आलं की रडणं थांबलं आहे. आणि पाळण्याच्या कड्या मात्र वाजत आहेत. कुर्र, कुर्र. एका लयीत.

मी दारापर्यंत आले. खिडक्या बंद होत्या. पाळणा झुलत होता आणि दोरी ताणलेली होती, कोणी टोक धरून बसावं तशी. मी वाटी हातात घेऊन तिथेच थांबले. किती वेळ, माहीत नाही. मग मी, मूर्खासारखी, म्हटलं, "मी आले, बाई. आता मी ओढते."

दोरी सैल पडली.

रूपालीचा ताप उतरला त्या पहाटे नवव्यापासून बाराव्यापर्यंतची सगळी कडवी एका दमात आली. नाव आलं पद्मजा. रूपालीच्या सासरच्यांनी तेच ठरवलं होतं. ती घरी आल्यावर बारसं झालं, उशिरानं का होईना. रूपाली अजून फिकी होती, पण बोलण्यात जराही फरक नव्हता. "सगळ्यांनी माझ्या पोट्टीकडे पाहिलं, अन् वहिनीनं माझ्याकडे. आता वहिनीले टोमणे मारायची माझी सोयच गेली." सगळ्या हसल्या. इरावती हसली नाही. ती रोज मीनलबद्दल बोलायची. "तेव्हाच एक फोन केला असता तर," एवढंच, पुन्हा पुन्हा. मी काय सांगणार? तिला जवळ घ्यायची.

मग माघात एका पहाटे, कोणाचं काम नसताना, डबीही लावलेली नसताना, अख्खा पाळणा आला. पहिल्या दिवसापासून बाराव्यापर्यंत. मी भिंतीपलीकडून ऐकला, प्रत्येक अक्षर. शेवटच्या कडव्यात नाव होतं स्वानंद.

इरावतीनं अभिनवला फोन केला. "भैया, बाबूचं नाव स्वानंद आहे का?"

पलीकडे दार लावून घेतल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "नाम तो रखा ही नहीं, दीदी. मीनल ने सोच के रखा था. मुझे नहीं बताया. बोली, बारशालाच सांगीन, तुले काय घाई आहे." तेवढं मराठी त्याच्या तोंडून आलं आणि तो रडायला लागला.

आम्ही सिलतऱ्याला गेलो. इरावतीनं कोशाची पट्टी स्वतः रंगवली होती, कडेनं मोठ्ठी वेल. धुराड्यांच्या काळ्या भुकटीनं खिडकीची चौकट मळकी झालेली, खोली मात्र पुसून लख्ख केलेली होती. दीड वर्षाला आलेल्या पोराला पाळण्यात कोण घालणार? ते खोलीभर पळत होतं. आत्यानं पकडून कानात नाव सांगितलं आणि ते निसटलं. इरावती भिंतीला पाठ टेकून उभी राहिली आणि गायला लागली.

बाराव्या कडव्याला पोरगं पळता पळता थांबलं. इरावतीच्या खांद्याच्या वरती पाहायला लागलं. मग असं हसलं की वरच्या दोन्ही दातुल्या दिसल्या, आणि त्यानं दोन्ही हात वर केले. उचलून घे म्हणतात ना लेकरं, तसे. इरावतीच्या मागे भिंतीशिवाय काही नव्हतं. अभिनव पुढे व्हायला लागला, त्याला मी दंडाला धरून थांबवलं. पोर तसंच उभं राहिलं, मान वर करून. गाणं संपल्यावरही. मग हळूहळू त्याचे हात खाली आले आणि ते जाऊन बापाच्या गुडघ्याला बिलगलं.

त्यानंतर तो आवाज आला नाही. डबी आता नुसता सूर धरते. तो आवाज मीनलचा होता असं मी म्हणत नाही. तो तिच्या आधीपासूनचा होता. कोणाचा होता ते बुवांनाही सांगता आलं नाही, आणि मी तर साधी श्रोती. इरावतीचा धंदा चालू आहे, जरा हळू. पाळणे आता ती स्वतः लिहिते, देवापुढे बसून, खोडून खोडून. काम घेतलं की आधी त्या घरी जाते, बाळंतिणीच्या खाटेवर बसते, कपाळाला हात लावते, कशी आहेस विचारते आणि उत्तर येईपर्यंत उठत नाही. लोकांना वाटतं, ही तिची कलावंताची लहर आहे.

बुवा आले वाटतं. सरका, वाट द्या. एवढंच मागते, की सिलतऱ्याच्या मीनलला मनात ठेवा. वेल मोठ्ठी काढा म्हणून हसली होती ती.